आजोबांचा मिलचा बिल्ला सापडला. मिलने सोलापूर नेमकं कसं घडवलं?

पेटीतला बिल्ला

नमस्कार मंडळी. दिवाळीआधी घर रंगवायला काढलं तेव्हा माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत आजोबांचा पितळी बिल्ला सापडला. गोल, रुपयापेक्षा थोडा मोठा, वर दोरी ओवायला भोक आणि मधोमध फक्त एक नंबर. मी सहावीत असताना आजोबा गेले. ते मिलमध्ये होते, यापलीकडे मला काही माहीत नाही. आता नोकरीसाठी पुण्यात असतो, पण तो बिल्ला बघितल्यापासून डोक्यातून जात नाही.

वाचायला बसलं की सगळीकडे तेच सापडतं. १८७७ साली मुरारजी गोकुळदासांची पहिली मिल सुरू झाली, मागून नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम मिल आल्या आणि पुढे सगळ्या बंद पडल्या. सुरुवात आणि शेवट मिळतो, मधली शंभर वर्षं मिळत नाहीत. मिलच्या गावात राहणं म्हणजे रोजचं काय होतं, हे कुणी सांगेल का?

आणखी एक. आजोबा घरात फार मोठ्याने बोलायचे. आम्ही नातवंडं त्यांना घाबरून असायचो. आई म्हणते तो मिलचा परिणाम. खरं आहे का?

वकीलकाका

रोजचं जगणं दुसरे सांगतील, मी माझ्या वाटणीचं सांगतो. तुम्ही ज्या पहिल्या मिलचं लिहिलंय, तिला सोलापुरात जुनी मिल म्हणतात. मुरारजी पेठ हे नाव त्या मुरारजींचंच. ही मिल ऑगस्ट १९४९ मध्ये कारभार बिघडल्याने बंद झाली. हजारो घरांच्या चुली आणि कापडाचा तुटवडा, दोन्ही लक्षात घेऊन केंद्र सरकारने जानेवारी १९५० मध्ये वटहुकूम काढून मिलचा ताबा घेतला. राज्यघटना अजून अमलात यायची होती. एक भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेला आणि डिसेंबर १९५० मध्ये हरला, तोही तीन विरुद्ध दोन अशा निकालाने. दुसऱ्या भागधारकाच्या खटल्यात डिसेंबर १९५३ मध्ये निकाल उलटा लागला, तो कायदाच घटनाबाह्य ठरला. समानतेचा हक्क आणि मालमत्तेचा हक्क शिकताना देशभरातली कायद्याची मुलं आजही सोलापूर मिलचं नाव घेतात. एका गावच्या मिलचं दार बंद होणं हा देशाचा प्रश्न असतो, हे घटनेच्या पहिल्याच वर्षी कोर्टासमोर आलं. मला याचं फार मोल वाटतं.

साचेवाल्याची लेक

बाळ, मोठ्याने बोलण्याचं वाचलं आणि मी फोन खाली ठेवून थोडा वेळ नुसती बसले. मी सत्तावन्न वर्षांची आहे. शाळेत मराठी शिकवलं, आता निवृत्त. आम्ही पद्मशाली, म्हणजे विणकर समाज, घरात तेलुगू, गल्लीत मराठी. वडिलांना आम्ही नायना म्हणायचो. ते मिलमध्ये साचे चालवायचे. साचा म्हणजे माग, मिलच्या लोकांच्या तोंडी हाच शब्द.

आईचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. एका शेडमध्ये शेकडो साचे, प्रत्येकाचा धोटा, म्हणजे आडवं सूत नेणारा लाकडी तुकडा, मिनिटाला दीड-दोनशे वेळा या टोकाकडून त्या टोकाला आदळणार. कानाला तोंड लावून ओरडलं तरी शेजारच्याला कळायचं नाही. म्हणून माणसं ओठ वाचायची आणि खुणा करायची. नायनांच्या खुणा मला पाठ होत्या. खांद्यावर दोन बोटं आपटली की जॉबरला, म्हणजे मुकादमाला, बोलाव, मनगटावर बोट ठेवलं की किती वाजले, गळ्याला चिमटा घेतला की पाणी प्यायला जातो. आठ तास असे काढून आलेला माणूस घरातसुद्धा शेडमधल्यासारखाच बोलतो. आणि वीस-पंचवीस वर्षांनी बारीक, वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात. माझ्या भावाची हाक नायनांना ऐकू यायची, माझी यायची नाही. मी लहान होते, मला वाटायचं त्यांचा भावावर जीव जास्त आहे. हे मला कळायला चाळिशी उजाडली. म्हणून तुला आत्ताच सांगते, आजोबा रागावून बोलत नव्हते रे.

शेडच्या खिडक्या बंद असायच्या, तेही सोलापूरच्या उन्हाळ्यात. बाहेर त्रेचाळीस अंश, आणि आत मुद्दाम दमट ठेवलेली हवा, कारण हवा कोरडी झाली की तार तुटते. तार म्हणजे सूत. तार तुटली की साचा थांबवा, गाठ मारा, पुन्हा सुरू करा. कापड वाराने मोजलं जायचं, थांबलेल्या साच्याचे पैसे नव्हते. धोट्यातली सुताची कांडी संपली की नवी घालून तिचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यायचं. दिवसातून किती वेळा, याला मोजदाद नाही. सुताबरोबर कांजी आणि कापसाची भुकटी घशात. नायनांच्या पुढच्या एका दाताला खाच पडली होती आणि आठवड्याच्या सुट्टीनंतर पहिल्या दिवशी छाती हमखास भरून यायची. घरी आले की अम्मा दारातच त्यांचे केस कंगव्याने विंचरायची, कापसाची लव उंबऱ्याच्या आत येऊ नये म्हणून. अन्न शिजतं त्या घरात ती उडते आणि पोरं खोकतात.

आता गावाचं. गावाचं घड्याळ म्हणजे भोंगा. सकाळी सात, दुपारी साडेतीन, रात्री बारा. भोंगा आधी एकदा उठवायला व्हायचा आणि नंतर कामावर हजर व्हायला. आमच्या गल्लीत जन्मवेळ भोंग्यावर सांगायचे. माझी पत्रिका "रातपाळीच्या भोंग्यानंतर थोड्या वेळाने" एवढ्यावरच मांडली. आणि पाळी दर आठवड्याला बदलायची, म्हणून प्रत्येक घराचा आठवडा वेगळा. नायनांना रातपाळी असली की दिवसा आम्ही पायांच्या चवड्यांवर चालायचो. कुकरची शिट्टीसुद्धा अम्मा चिमट्याने उचलून धरायची. शेजारच्या खोलीत त्या आठवड्यात दिवसपाळी, तिथली पोरं बोंबलत खेळणार. मग आम्ही सगळे तिकडे. पुढच्या आठवड्यात ती पोरं आमच्याकडे. चाळीतली माणसं एकमेकांना धरून होती असं लोक फार गोड करून सांगतात. मला विचारशील तर पाळ्यांनी आम्हाला एकमेकांच्या घरात ढकललं. माया नंतर जडली, पण ती खरी जडली.

१९३० चं तू वाचलंच असशील. मे महिन्यात गांधीजींच्या अटकेची बातमी आली, मिलचे कामगार बाहेर पडले, ८ मेला गोळीबार झाला, १२ मेपासून लष्करी कायदा लागला आणि पुढे १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे येरवड्याला फाशी गेले. मी वर्गात हे शिकवताना एकच गोष्ट जास्तीची सांगायचे. ज्या गावात हजारो माणसं एकाच भोंग्याला एकाच दारातून बाहेर पडतात, तिथे सभा भरवायला दवंडी लागत नाही.

सेटलमेंटकर

ताईंनी भोंग्याचं लिहिलं म्हणून आमची बाजू. माझे पणजोबा सेटलमेंटमधले. इंग्रजांनी कायदा करून काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं होतं आणि सोलापुरात त्यांना तारेच्या कुंपणात ठेवलं होतं. त्यातली पुष्कळ माणसं मिलमध्ये कामाला होती. निघताना हजेरी, मिलमध्ये हजेरी, परत आलं की पुन्हा हजेरी. आजी सांगायची की पणजोबांना मिलमधले आठ-नऊ तासच बरे वाटायचे, कारण तिथे त्यांच्या जातीचा नाही, हाताच्या कामाचा हिशेब व्हायचा. कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. आमच्याकडे आजही त्या तारखेला मुक्तिदिन पाळतात. वस्तीचं नाव मात्र सेटलमेंटच राहिलं.

पेटीतला बिल्ला

मावशी, तुमचं लिहिलेलं आईला फोनवर वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बघ, मी सांगत नव्हते?"

पेटीत एक पिवळं पडलेलं कार्डही आहे. नाव, बापाचं नाव, खातं आणि वर शिक्का "बदली". आजोबांची दुसऱ्या मिलमध्ये बदली झाली होती असं समजायचं का?

साचेवाल्याची लेक

नाही रे, ती बदली वेगळी. आणि तू विचारलंस ते बरंच झालं, कारण माझ्या मते सोलापूर समजून घ्यायचं असेल तर मिलच्या धुराड्यापेक्षा हे कार्ड महत्त्वाचं आहे.

बदली म्हणजे दुसऱ्याच्या जागेवर काम करणारा. पक्का कामगार आजारी पडला, गावी गेला, तर त्याच्या साच्यावर आज उभा राहायचा तो बदली. रोज पाळीच्या आधी दारात जायचं, कार्ड दाखवायचं, उभं राहायचं. खात्यात जागा असेल तर नंबर पुकारणार, नसेल तर डबा तसाच घेऊन परत. काम मिळालं तर त्या दिवसाचा पगार, नाही मिळालं तर शून्य. आमचे नायना नऊ वर्षं बदली होते. महिन्यात कधी बावीस दिवस भरायचे, कधी आठ. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या दिवसांत आणि लग्नसराईत पक्के लोक रजा टाकायचे, म्हणून दुसऱ्यांच्या घरी सण असला की आमच्या घरी पगार यायचा. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी हा आमच्याकडचा डबा का, तर काम मिळालं नाही आणि डबा परत आला तरी तो रात्री खाता येतो. भाजी टिकत नाही.

अशा अर्धवट कामावर घर कसं चालणार? ते विडीवर चालायचं. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी पोटतिडकीने सांगते: सोलापूरला मिलचं गाव म्हणतात, पण मिलच्या माणसांची घरं बायकांच्या विड्यांनी उभी ठेवली. आणि हे मिलनेच घडवलं. बायका मिलमध्ये नव्हत्या असं नाही, सूत गुंडाळायच्या खात्यात पूर्वी बऱ्याच होत्या. पण रातपाळीला बायकांना ठेवायचं नाही असा कायदा, त्यात १९२९ पासून मुंबई इलाख्यात बाळंतपणाचे पैसे द्यायचं बंधन आलं. तिन्ही पाळ्यांत राबवता येतील अशा पुरुषांनाच मिलवाले घेऊ लागले. म्हणजे बायकांच्या भल्यासाठी केलेल्या नियमांचा आधार घेऊन बायकांनाच बाहेर काढलं.

मग त्या घरी विड्या वळायला बसल्या. अम्मा रात्री टेंभुर्णीची पानं भिजत घालायची, पहाटे फर्मा ठेवून कात्रीने कापायची. फर्मा म्हणजे विडीच्या मापाचा पत्र्याचा तुकडा. मांडीवर सूप, सुपात एका बाजूला पानं, एका बाजूला तंबाखू. चिमूटभर तंबाखू, पान वळायचं, दोऱ्याचे दोन वेढे, टोक दुमडायचं, की झाली विडी. माझ्या वाट्याला टोकं दुमडायचं काम होतं. शाळेला जाण्याआधी दोनशे. माझ्या बोटांना तंबाखूचा वास येतो म्हणून बाकावरची मुलगी सरकून बसायची. पंचवीसचा एक कट्टा आणि दिवसाला हजार विड्या. कारखान्यात नेऊन दिल्या की तपासणारा त्यातल्या काही छाट म्हणून बाजूला काढायचा. त्या छाटलेल्या विड्यांचे पैसे नाहीत आणि विड्याही परत नाहीत. याचा राग मला अजून आहे. अम्माची विडी एकसारखी असायची, गल्लीतल्या बायका तिच्याकडे शिकायला यायच्या, आणि तरीही रोज छाट निघायची.

विडीत एक सोय होती, ती बाहेरच्याला सुचणार नाही. विडी आवाज करत नाही. रातपाळी करून आलेला नवरा त्याच खोलीत झोपलेला असताना ती वळता येते. हातमाग घरात असता तर ते जमलं नसतं. मिलची पाळी आणि विडीचं सूप एकाच दहा बाय दहाच्या खोलीत बसले ते यामुळे.

लग्न जमवताना दोनच प्रश्न असायचे. मुलाकडे विचारायचे, "पक्का की बदली?" आणि मुलीकडे, "हजार करते का?" माझ्या अम्माच्या लग्नात माझ्या आजोबांनी सोनं दिलं नाही. तिच्या नावाचं विडी कारखान्याचं कार्ड हेच आंदण.

पेटीतला बिल्ला

आणि मिल बंद झाल्यावर? आजोबांचं तेव्हा काय झालं असेल? आई तो विषय टाळते.

साचेवाल्याची लेक

आईला टाळू दे. मी आमच्या घरचं सांगते, फार वेगळं नसेल.

नायनांची मिल नव्वदीच्या दशकात बंद पडली. ते बावन्न वर्षांचे होते. दारावर नोटीस लागली ते लोक सांगतात, मला आठवते ती वाण्याची वही. आमच्या भागातली सगळी दुकानं मिलच्या पगाराच्या तारखेवर चालायची. महिनाभर उधार, पगाराच्या संध्याकाळी हिशेब. मिल बंद झाल्यावर तिसऱ्या महिन्यात अम्मा मला घेऊन दुकानात गेली, उधारी मागायला. वाणी आमच्यासमोर वही उघडून बसला. नायनांच्या नावाचं पान होतं. त्याने ते नाव एका रेघेने खोडलं आणि वर अम्माचं नाव लिहिलं. विडीचा पगार आठवड्याला होतो, म्हणाला, तर हिशेब आता आठवड्याचा. त्याने आम्हाला सांभाळलंच, त्याचं ऋण मी मानते. पण घरी येताना अम्मा मला म्हणाली, "नायनांना हे सांगू नकोस." मी कधीच सांगितलं नाही. ते गेल्यावर आज पहिल्यांदा लिहिते आहे.

मग नायना यंत्रमागावर गेले. टॉवेल, चादरी. बारा तासांची पाळी, फंड नाही, रजा नाही. मालक म्हणजे मिलमधलाच जुना जॉबर. मिलवाल्यांनी भंगारात काढलेले साचे त्याने घेतले होते आणि पत्र्याच्या शेडमध्ये बसवले होते. पहिल्या दिवशी नायना घरी आले ते वेगळ्याच चेहऱ्याने. एका साच्याच्या बिडाच्या चौकटीवरचा नंबर त्यांनी ओळखला. अकरा वर्षं त्यांनी चालवलेला साचा होता तो. "त्याला अजून डावीकडे तेल जास्त लागतं," असं अम्माला सांगत होते. लोक म्हणतात मिल गेली आणि यंत्रमाग आला. आमच्या घराला विचारलं तर साचा तोच राहिला, माणूसही तोच. गेली ती आठ तासांची पाळी, फंड आणि पक्केपणा.

फंडाचे पैसे लवकर मिळाले. बाकीच्या देण्यासाठी मात्र अकरा वर्षं हेलपाटे. हातात आले तेव्हा नायना त्या पैशांतून स्वतःसाठी एकच वस्तू घ्यायची म्हणाले, कानाचं यंत्र. घेतलंही. पहिल्यांदा लावलं तेव्हा त्यांना आढ्याचा पंखा ऐकू आला, आणि हा इतका वाजतो का म्हणून तो बंद करायला लावला.

वकीलकाका

ताई, बाकीच्या देण्यांसाठी एवढी वर्षं का, त्यावर एक ओळ. बंद कंपनीची मालमत्ता विकली की आधी तारण असलेल्या बँकांचे पैसे जायचे. कामगारांची देणी त्यांच्या बरोबरीने धरायची, ही दुरुस्ती कंपनी कायद्यात १९८५ साली आली. हक्क बरोबरीचा मिळाला, पण आधी मालमत्ता विकली तर जायला हवी. जमीन, यंत्रं, दावे, प्रतिदावे यांत वर्षं निघतात. मी अशा कामगारांची कागदपत्रं विनामूल्य बघतो, आजही कुणाचं अडलं असेल तर इथे विचारा.

पेटीतला बिल्ला

मावशी, शनिवारी सोलापूरला आलो. तुमचं सगळं आजीला वाचून दाखवलं. तिला आता कमी दिसतं, पण ऐकू नीट येतं. बदलीचं आलं तेव्हा म्हणाली, "आमचे सात वर्षं." विडीचं आलं तेव्हा उठली, देवघराच्या खालच्या खणातून फडक्यात गुंडाळलेला पत्र्याचा तुकडा काढला आणि माझ्या हातात दिला. फर्मा. कडा इतक्या झिजल्यात की मला वाटलं आधीपासूनच गोल असेल. पेटीत आजोबांचा बिल्ला होता आणि हिचा फर्मा तिच्या देवाजवळ होता, आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

ती विचारतेय, तुम्ही कुठल्या गल्लीतल्या? आणि अम्मा कुठल्या कारखान्यात विड्या द्यायची?

साचेवाल्याची लेक

आजीला सांग, अशोक चौकाच्या मागच्या बाजूला, पिठाच्या गिरणीच्या बोळात. कारखान्याचं नाव इथे नको, पण बाहेर मोठं लिंबाचं झाड होतं आणि बायका तपासणीची वाट बघत त्याच्याखाली बसायच्या. तिला झाड आठवलं तर माझी अम्मा तिला माहीत असेल. अम्मा शहाऐंशीची आहे. उद्या सकाळी अकराला फोन करा, मी तिच्याजवळ बसते.